लपणाऱ्याला विचारलेला प्रश्न

प्रिय ताई,

आठ महिने पत्ता न कळवता राहिलो. तू चार शिव्या हासडशील, त्या निमूट ऐकून घेईन. पण आधी हे शेवटपर्यंत वाच. तू आता डाव्या हाताने लिहायला शिकतेयस, असं आत्या फोनवर म्हणाली. मी फोन ठेवून दिला.

इथेही मी इस्पितळाच्या धुलाईखान्यातच आहे. चादरी इस्त्री करणारं यंत्र सुरू झालं की मी आधी रुळांवरच्या जाळीचं बटण तपासतो, जाळी उचलताच रूळ थांबवणारं. बाबा आपल्या तिथल्या धुलाईखान्याचे मुकादम झाल्यापासून त्यांचं एकच पालुपद असायचं, ‘जाळी उचलली की रूळ थांबलेच पाहिजेत. त्या बटणाशी खेळायचं नाही.’ त्या दिवशी मात्र बटण चिंधीने आवळून बांधलेलं होतं. चुरगळलेली चादर सरळ करायला तू विश्वासाने जाळी उचललीस आणि रूळ फिरतच राहिले. बाबा धावत आले. नंतर त्यांनी ती चिंधी सोडून खिशात घातली आणि इस्पितळाच्या साहेबांना म्हणाले, ‘मीच बांधली होती.’

गेल्या रविवारी चर्चच्या उपासनेत पाळकांनी मला पवित्र शास्त्रातल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला, पहिल्या स्त्री-पुरुषाने देवाची आज्ञा मोडल्याचा भाग वाचायला लावला. दोघं झाडांत लपतात आणि देव विचारतो, कुठे आहेस, तिथे मी तीच ओळ दोनदा वाचली. नंतर खुर्च्या आवरताना मी पाळकांना विचारलं, ‘ते कुठे लपलेत, हे देवाला ठाऊक नव्हतं का?’ ते म्हणाले, ‘ठाऊक होतं रे. स्वतःहून पुढे येण्याची संधी दिली त्याने. पण लपणारा पुढे आला तो दुसऱ्याकडे बोट दाखवत.’ मी तर बोटही दाखवलं नव्हतं. नुसता गप्प बसलो होतो, आणि तेवढंच पुरलं.

ताई, ती चिंधी मी बांधली होती. यंत्र सारखं थांबत होतं, चादरींचा ढीग साचला होता, म्हणून. बांधली आणि चहाला निघून गेलो. बाबांनी ते ओळखलं, तरी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. गुरुवारी चौकशीत ते गुन्हा कबूल करून सही करणार आहेत, असं आत्याकडून कळलं. त्यांना अडव. मी बुधवारच्या गाडीने येतोय. माझा जबाब साहेबांना आजच टपालाने धाडला आहे. वाटेत माझे पाय मागे फिरले, तरी तो कागद फिरायचा नाही.

क्षमा मागायचंही तोंड नसलेला,
तुझाच धाकटा