पुरुषांचं जड काम

३ मार्च, सकाळी
आजपासून रोजनिशी. कर्तबगार माणसाने ठेवावीच. नवा कायदा आलाय: सारख्या मोलाच्या कामाला बाई-पुरुष सारखाच पगार. मालकांचं धाबं दणाणलंय. माझं नाही. या शिलाई कारखान्यातले पगार ठरवण्यातच माझे केस गेलेत. पूर्वी ‘एका पदाला एकच पगार’ आला, तेव्हा मी एका दुपारीत पदंच दोन केली. पुरुष ‘कारागीर’, बायका ‘मदतनीस’. मशीन तेच! मग बाळंतपणाची रजा आली. मी पगारवाढ ‘सलग हजेरी’वर नेली. कायदा खूश, मालक खूश.

संध्याकाळी
बायको तिथेच मशीनवर आहे. विचारत होती, शेजारच्या मशीनवरच्या माणसाएवढा पगार आता तरी मिळेल ना? म्हटलं, मी तर बायकांच्याच बाजूचा. हसली. अभिमानाने असावं.

५ मार्च
युक्ती सुचली! कागदावर पुरुषांच्या कामात ‘कापडाचे गठ्ठे उचलणे’ घातलं. जड काम, जास्त पगार. कोण काय बोलणार? मॅनेजरची केबिन माझीच समजा. पडदे निळे घ्यावेत.

१० मार्च
उद्या तपासणीला सरकारी बाई येणार. काम प्रत्यक्ष बघणार म्हणे. लेखी शब्दाला किंमतच राहिली नाही. पुरुषांना सांगितलं, उद्या गठ्ठे उचला. त्यांनी विचारलं, कुठले गठ्ठे? झोप नाही. काळजी नव्हे, उकाडा.

११ मार्च
घात! एकाची पाठ धरली, दुसरा गठ्ठ्यावरच बसला. शेवटी पुरुषच बाईंना म्हणाले, आमचं नि बायकांचं काम एकच, हे गठ्ठे आमचे नव्हेत. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. बाईंनी मला विचारलं, मग रोज उचलतं कोण? म्हटलं, माहिती काढून कळवतो.

२ एप्रिल
पगार सारखे झाले. मुळात हा माझाच आग्रह होता, असं मालकांना सांगितलं. केबिनमध्ये त्यांचा भाचा बसतो.

३ एप्रिल
बायका गठ्ठ्यांना हात लावेनात. माझाच कागद दाखवतात: पुरुषांचं काम. पुरुष सरकारी बाईंचा निकाल दाखवतात: गठ्ठे त्यांचे नव्हेत. मालक म्हणाले, डोकं तुम्ही चालवलंत, आता हातही चालवा.

४ एप्रिल
कंबर गेली. घरी येऊन पालथा पडलो. हिने मलम चोळलं. कुठे दुखतंय हे न विचारता, नेमकं तिथेच. म्हटलं, तुला कसं कळलं? म्हणाली, माझीही तिथेच दुखते. धाकट्याच्या वेळी सातवा महिना लागेपर्यंत उचलत होते.

पुढे काही लिहवेना. कंबरेमुळे.