चारचौघांत उभं राहा

बाई,

तुम्ही जाऊन लई वर्षं झाली, म्हणून आधी माझी नोकरी सांगते. मी उस्मानपुऱ्याजवळच्या एका शाळेत समुपदेशक आहे. पोरांच्या मनातलं ऐकायचं, हे काम. खोलीवर ‘मानसिक आरोग्य कक्ष’ अशी पाटी होती. पोरं तिला येड्यांची खोली म्हणायची आणि समोरून पळत जायची. मी पाटी बदलून ‘गप्पांची खोली’ केली, तर दुसऱ्या दिवशी दोन शिक्षकच चहा घेऊन येऊन बसले.

चितेगावहून येणारी सातवीतली एक मुलगी वर्गशिक्षिकेनं माझ्याकडे पाठवली. अधूनमधून पोट दुखायचं, डॉक्टरांना काही सापडत नव्हतं. माझ्याकडे परदेशातून आलेली प्रश्नावली होती. विचारलं, “रात्री खोलीत एकटं झोपायची भीती वाटते?” ती म्हणाली, “एकटं कसं झोपणार, मॅडम? सगळेच एका खोलीत झोपतो. आजी अशी घोरती की भीतीच पळून जाती.” मी प्रश्नावली कपाटात टाकली. मग आजीच आली. “दृष्ट काढली, पोटाला हिंग लावला. तुमचं औषध काय?” “आम्ही बोलतो, आजी.” “बोलायचा पगार भेटतो व्हय तुमाला? मंग मला बी लावा की!” मी म्हटलं, हिंग चालू द्या, मी बोलणं चालू ठेवते. काही दिवसांनी हिंगाच्या वासातच पोरगी बोलली. “शिष्यवृत्तीची सूचना आली की वर्गात म्हणतात, एससीवाले उभे राहा. मंग सगळे वळून बघतात.”

ऐकताना मी एकदम बिडकीनच्या शाळेत, तुमच्या वर्गात. शिपाई सूचना वाचतोय, मागासवर्गीय मुलांनी उभं राहावं. मी बाकाखाली चप्पल शोधल्याचं सोंग करतेय. तुम्ही खडू ठेवता. “सगळेच उभे राहा. लई वेळ बसलात. मारा उड्या!” सगळा वर्ग उड्या मारतोय, तुम्हीही मारताय, तुमचा अंबाडा सुटलाय, आणि दारातल्या शिपायाला वाटतं आपणही मारायच्या, म्हणून तोही. मग सुट्टीत तुम्ही आम्हाला एकेकाला हळूच बोलावून सूचना सांगितलीत. मी थँक्यू म्हणाले, तर खेकसलात, “थँक्यू कशाचं? पाढे पाठ कर.”

मी मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही पोरीचं मन बघा. वर्ग आम्ही बघतो.” पुढं शिक्षकांसमोर ताणतणावावर बोलायचं काम माझ्याकडे आलं. मी म्हटलं, “ज्यांनी केसांना कलप लावलाय, त्यांनी उभं राहा.” हशा पिकला, उठलं कुणीच नाही. मुख्याध्यापकांचा हात मात्र डोक्याकडे गेला. “बरं, ज्यांना मूळव्याध आहे त्यांनी.” हशा थांबला. गणिताचे सर अर्धे उठले, भानावर आले आणि बसले, जपून. मुख्याध्यापक तांबडेलाल. “मॅडम, हे चारचौघांत विचारतात का?”

“नाही ना, सर. आणि कलप तरी आपण हौसेनं लावतो. जात काय पोरांनी हौसेनं लावून घेतली?”

बाई, बोलून गेले खरी, पण नोकरी कंत्राटी आहे. शेवटी त्या मुलीची वर्गशिक्षिकाच हळू आवाजात म्हणाली, “मला कधी कुणी असं उभं केलं नाही. म्हणून कळलंच नाही.”

आता सूचना थेट पालकांना फोनवर जाते. मुख्याध्यापक बरेच दिवस माझ्याशी बोलले नाहीत, पण नोकरी राहिली. परवा ती मुलगी पुन्हा पोट धरून आली. मी लगेच विचारलं, “कुणी उभं केलं?” “कुणी नाय, मॅडम. पाणीपुरी लई झाली.” दुसऱ्याच्या अपचनाचा इतका आनंद मला आजवर झाला नव्हता. आजी मात्र गावभर सांगते की गुण हिंगाचा. सांगू द्या.

एक राहिलं. समुपदेशकांच्या बैठकीत मी तुमच्या उड्यांची गोष्ट सांगितली. बैठक घेणाऱ्या साहेबांनी विचारलं, ही पद्धत कुणाची? बिडकीनच्या बाईंची म्हटलं असतं तर एकानंही पेन उघडलं नसतं, असं वाटलं, आणि मी परदेशी वाटेल असं एक आडनाव ठोकून दिलं. सगळ्यांनी भक्तिभावानं लिहून घेतलं. एकीनं स्पेलिंग विचारलं, तेही सांगितलं. हे पत्र पाठवायला पत्ता नाही ते बरंच आहे. तुम्ही पहिलं ते स्पेलिंग विचारलं असतं, आणि मला ते आता आठवत नाही.