झ्लाताच्या चहातली अर्धी गोळी

सोमवार, १८ जानेवारी

झ्लाताच्या नमुन्यात औषध सापडलं.

दुपारी आमच्या मुख्य प्रशिक्षक लिदिया अर्काद्येव्नांनी आम्हा सगळ्यांना प्रशिक्षकांच्या खोलीत बोलावून कागद वाचून दाखवला. डिसेंबरातल्या राष्ट्रीय स्पर्धेनंतर पोरीने दिलेली लघवी. त्यात अंगातलं पाणी उतरवणारं औषध, बंदी असलेलं. कांस्यपदक परत. आजपासून बर्फावर पाय ठेवायचा नाही, चौकशी होईल, दोन वर्षं जातील. झ्लाता पंधराची आहे. फिगर स्केटिंगमध्ये मुलीने सतराव्या वर्षी परत यायचं म्हणजे वरातीमागून घोडं!

बाई एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. माझ्याकडे बघितलं नाही. मालिश करणाऱ्या म्हातारीवर कोण संशय घेतंय?

औषधाचं नाव ओळखीचं निघालं. तीच गोळी माझ्या पर्समध्ये आहे. पायांच्या सुजेसाठी सहा वर्षं घेते.

मीच दिली. लिहून टाकलं एकदाचं. आता झोप येते का बघू.

मंगळवार, १९ जानेवारी

नाही आली.

गुरुवार, २१ जानेवारी

त्या दिवसाचं नीट लिहून काढते. नाहीतर मन पळवाटा शोधत बसेल, त्याची खोड मला ठाऊक आहे.

शेवटच्या फेरीचा आदला दिवस, हॉटेल, सकाळचं वजन. बाई काटा पीटर्सबर्गहून स्वतःच्या सुटकेसमध्ये घेऊन जातात, दुसऱ्या काट्यावर त्यांचा विश्वास नाही. मुली चड्डी-बनियनवर रांगेत. झ्लाताने उठल्यापासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, फक्त चूळ भरून थुंकली होती, आमच्याकडे सगळ्याच तेवढं करतात. तरी तीनशे ग्रॅम जास्त.

"हे तीनशे ग्रॅम हवेत कोण उचलणार? मी?" बाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत उतरव. नाहीतर चार गिरक्यांची उडी काढून टाकते, आणि युरोपियन स्पर्धेला दुसरी जाईल."

मग ती माझ्या मालिशच्या टेबलावर येऊन पडली. आवाज न करता रडत होती, हेही या मुलींना शिकवावं लागत नाही. घोट्यावर अंगठा दाबला तर खळगा पडून राहिला. चरबी कसली, पाणी होतं ते! पोरगी वयात येत होती, दुसरं काही नाही. मला इतकी कणव आली तिची. पाठमोरी होऊन अर्धी गोळी चमच्याखाली कुस्करली आणि रास्पबेरीचा मुरंबा घातलेल्या चहात ढवळली. म्हटलं, "पी बाळा, सूज उतरवणारा पाला आहे."

संध्याकाळी काटा बरोबर जागेवर. बाईंनी तिच्या गालावर थोपटलं. दुसऱ्या दिवशी उडी अशी उतरली की सगळं स्टेडियम उभं राहिलं, आणि मी कठड्याशी उभी राहून स्वतःवरच खूष.

बंदीच्या यादीवर दर वर्षी आमचं व्याख्यान होतं. एकतीस वर्षं बसतेय, सही करतेय आणि नंतरचं सँडविच खातेय. ती यादी स्नायू फुगवणाऱ्यांसाठी, हे डोक्यात पक्कं. पाणी उतरवणं आमच्याकडे औषधात धरतच नाहीत. दात घासण्यासारखंच ते.

रविवार, २४ जानेवारी

अजून एक राहिलं. तेच मला जास्त खातंय.

पदक मिळाल्यावर तिला तपासणीला नेलं. लहान मुलीबरोबर मोठं माणूस लागतं. बाई मुलाखती देत होत्या. "रिम्मा, तू बस जा." बसले. तीन तास दहा मिनिटं! पोरीला लघवीच होईना, अंगात पाणी असेल तर होईल ना. वर्षभर दोन घोट जास्त प्यायली तरी ओरडा खाणारी मुलगी, आणि आता चार जणं भोवती उभी राहून "पी, पी" करताहेत. सीलबंद बाटल्यांवर बाटल्या. ती हसायला लागली. "मावशी, उद्या काटाच मोडेल."

शेवटी फॉर्म आला. गेल्या सात दिवसांत घेतलेली औषधं? ती म्हणाली, जीवनसत्त्वं. मी तेवढंच लिहिलं. खाली पालक म्हणून सही केली. गोळी मला आठवलीच नाही. खोटं बोलले असते तर निदान मला काही कळत होतं असं तरी म्हणता आलं असतं.

शनिवार, ३० जानेवारी

झ्लाताची आई आली होती. लारिसा. ट्राम चालवते. पोरीच्या खेळासाठी चेरेपोवेत्स शहर सोडून इथे आली.

बाईंनी तोड काढली आहे. आईने बाजारातून बारीक होण्याचा चहा आणला आणि पोरीला पाजला, असं लिहून द्यायचं. वकील म्हणतो, आईवर आलं की पोरीची शिक्षा निम्म्यावर येईल.

"कुठला चहा?" लारिसा म्हणाली. "मी तर तिला घरी चमचाभर लोणीसुद्धा दिलं नाही. तुम्हीच खाण्याची यादी दिली होतीत."

"कुठला ते आम्ही सांगतो. तू सही कर."

"पण मी नाही दिलं काही."

"मग कोणी दिलं?"

मी तिथेच होते, दोन पावलांवर. लारिसाने सही केली. मी तिला पेलाभर पाणी नेऊन दिलं. एवढंच केलं मी, पाणी दिलं! लाज कशी नाही वाटली मला.

गुरुवार, ४ फेब्रुवारी

लारिसाचा फोन. बातमी पेपरात आली आहे. ट्राममधली एक आजी काच ठोकून म्हणाली, "पोटच्या पोरीला औषध पाजणारी ती तूच ना?" आणि पुढच्या थांब्यावर उतरून गेली. लारिसा म्हणते, "रिम्मा, तुझ्याशी बोललं की बरं वाटतं."

मी ऐकून घेतलं. वर तिचं सांत्वनही केलं.

शनिवार, १३ फेब्रुवारी

कोबी भरलेले छोटे पाव, पिरोझकी, करून त्यांच्याकडे गेले. झ्लाताने चार खाल्ले, वर लोण्यात परतलेले बटाटे. आता साध्या शाळेत जाते. वर्गातल्या कुठल्याशा मुलीची नक्कल करून दाखवली, फार छान केली. "मावशी, मी दोन सेंटीमीटर वाढले! बाईंना सांगू नका, त्यांना झटका येईल."

बिचारी. किती सोंग करते आमच्यासाठी.

लारिसा स्वयंपाकघरात गेली तेव्हा मी विचारलं, "त्या दिवशी काय काय घेतलंस, आठवतं का तुला?"

"नाही." लगेच म्हणाली. आणि लोण्याची बशी माझ्याकडे सरकवली.

तिला माहीत आहे. मला वाचवतेय. पंधरा वर्षांची पोर मला पाठीशी घालते आणि मी तिच्याच घरी बसून खातेय!

बुधवार, १७ फेब्रुवारी

बाईंच्या दारापर्यंत गेले. परत आले.

गुरुवार, १८ फेब्रुवारी

आज सांगितलं. सगळं, फॉर्मवरच्या सहीपर्यंत.

त्यांनी आधी दार लावून घेतलं. मग खिडकीतून बर्फावरच्या मुलींकडे बघत बोलल्या.

"आईचा कागद चौकशीला गेलाय. आता तू तोंड उघडलंस तर संघानेच पाजलं असं होईल. मी बुडेन, रिंक बुडेल. तू तर बुडशीलच. अठ्ठावन्नाव्या वर्षी कुठे जाशील?"

"झ्लाता तरी सुटेल."

"आम्ही पण अशाच वाढलो, रिम्मा. खोली तापवणाऱ्या रेडिएटरवर बसून घाम काढायचो. मेलं का कोणी?"

त्या सतरा वर्षांच्या होत्या तेव्हापासून त्यांची कंबर माझ्याच हाताखाली आहे. तेव्हापासूनचं दुखणं अजून चोळून घेतात.

घाबरले आहे. सकाळी उठले की या रिंकच्या चाव्या आणि हे मालिशचं टेबल, माझ्याकडे दुसरं आहे काय? पण लारिसाची ती सही डोळ्यांपुढून हलत नाही.

गुरुवार, २५ फेब्रुवारी

चौकशी समितीला पत्र पाठवलं. पोस्टाच्या खिडकीतली बाई म्हणाली, "साधं की रजिस्टर?" म्हटलं, रजिस्टर. साधं असतं तर हरवावं म्हणून देवाला साकडं घातलं असतं मी.

शुक्रवार, ५ मार्च

समितीपुढे दोन तास. तिघं जण होते, सभ्य.

"तुम्हांला कोणी सांगितलं होतं?"

"कोणी नाही."

"मुलीला माहीत होतं?"

"नाही. पाला आहे म्हणून दिलं."

"का दिलंत?"

"रडत होती."

त्यातल्या एकाने पेन खाली ठेवलं.

शुक्रवार, १९ मार्च

निकाल लागला. झ्लाताला लेखी ताकीद, बाकी काही नाही. पदक गेलं ते गेलं, पण बंदी उठली. आईचं नाव कागदांतून काढलं. मला खेळाच्या जगात जन्मभर बंदी. चाव्या पहारेकऱ्याकडे दिल्या.

लारिसा धावत आली. मला वाटलं मारणार, मारायलाच हवं होतं. तिने दोन-चार कडक शब्द सुनावले आणि मग माझ्या गळ्यात पडून रडली. "रिम्मा, सोमवारपासून पोरगी बर्फावर!" सारखी तेच म्हणत होती. बाईंनी स्वतः फोन करून बोलावलंय म्हणे.

नोकरी गेली, नाव गेलं. पण छातीवरचा धोंडा उतरला. सुटली पोर!

रविवार, २१ मार्च

झ्लाता येऊन गेली. आत ये म्हटलं, आली नाही. उंबऱ्यावर उभं राहून बोलत नाहीत, भांडण होतं म्हणतात. तरी तिथेच उभी राहिली.

"मी बघितलं होतं, मावशी. तुम्ही गोळी कुस्करताना. आरशात दिसत होतं."

"मग बोलली का नाहीस? दोन वर्षं गेली असती तुझी."

"मला हवी होती ती दोन वर्षं."

तिने टोपी खाली ओढली.

"गोळी देताना विचारलं नाहीत. निदान पत्र पाठवताना तरी विचारायचंत."