जेवण अंगी लागेना

रविवार, ३ तारीख
सगळ्यात आधी टपकली ती घारी. नातीच्या प्रयोगशाळेतली थोरली बाई. डोळे घारे, म्हणून मी आपली मनातल्या मनात घारी म्हणते. मागून तिचा मदतनीस लंबू. मी नातीकडे राहायला आले, पेटीसुद्धा उघडली नव्हती, तर पाहुणे हजर. मला काय, आनंदच! लंबूने भाताचं पातेलं चाटूनपुसून साफ केलं, तरी काडीपैलवान तो काडीपैलवानच. नातीला विचारलं, दिवसभर करता काय गं? तर म्हणाली, औषधाचा कण डाव्या-उजव्या हातासारखा दोन तऱ्हेचा होतो. एक अंगी लागतो, दुसरा नाही. म्हणून त्याला ब्रोमिन चिकटवायचं ते नेमक्या बाजूनेच. पण ब्रोमिन खाली पाण्यात, कण वर तेलात. मग तिसरा कुणीतरी हात धरून ब्रोमिनला वर तेलात नेतो, आणि स्वतः जसाच्या तसा परत येतो, पुढच्याला न्यायला. म्हटलं, लग्न जुळवणारी बाईच की! सगळे हसले. घारी जरा उशिरा हसली.

शुक्रवार, ८ तारीख
नात दोघांचं जेवते, पण हाडं वर आली. डॉक्टर म्हणे काही नाही. आज तिचे केस विंचरले. पाळण्यातली होती तेव्हापासून हे डोकं माझ्या हातातलं. भोवरा उजवीकडे वळायचा. आज डावीकडे. म्हातारीचे डोळे म्हणावं, तर गालावरचा तीळही दुसऱ्या गालावर.

सोमवार, ११ तारीख
खोदून विचारलं तेव्हा रडली. घारीने हात धरला होता, आधी लंबूचा धरला तसाच. तेव्हापासून अंग आरशातल्यासारखं फिरलं. खाल्लेलं अंगी लागत नाही. मरेल माझी पोर. तिच्या नकळत घारीला निरोप धाडला.

मंगळवार, १२ तारीख
घारी आली. म्हणाली, "आजी, तुम्ही तिच्यासारख्या झालात की पोरीची उपासमार संपली." मी हात दिला. थंडगार होता तिचा. एवढंच.

बुधवार, १३ तारीख
पेन्सिल डाव्या हातात — भात चिंधी चघळल्यासारखा. नातीला सांगितलं. ती म्हणाली, "आजी, आमच्या अंगी फक्त आमच्यासारखी माणसंच लागतात गं. म्हणून तर मी उपाशी राहिले." माझ्याकडे बघत राहिली — मग खोलीत गेली, आतून कडी घातली. दाराआडून पळ म्हणते. हिला टाकून कुठे —

घारी जाताना सांगून गेली, गुरुवारी येते, लंबूला घेऊन, जेवायलाच —