गुलाबी नमुना

४ मार्च
कुत्र्याच्या हाडाचा कॅन्सर आता म्हणे रक्ताच्या चार थेंबांत कळणार! आज पाहुणे आले होते, साहेबांनी सगळी लॅब फिरवून दाखवली. हाडाचा तुकडा काढायला नको, काही नको. रक्तातला एक मायक्रोआरएनए मोजायचा, आकडा चढला की कॅन्सर. पेशीतली इवलीशी चिठ्ठी ती — अमुक प्रथिन बनवू नका, एवढंच सांगणारी. साहेब अशा थाटात बोलत होते, जणू ती त्यांनीच लिहून पोस्ट केली.
नमुने तपासते मी. अठरा वर्षं. पाहुण्यांना माझी ओळख — ‘आणि ह्या आमच्या बाई.’

६ मार्च
आज तीन नमुने गुलाबी. नळी यंत्रात फिरवली की वर पिवळसर पाणी यायला हवं. गुलाबी आलं म्हणजे रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या. आणि हा साहेबांचा लाडका मायक्रोआरएनए त्याच पेशींत ठासून भरलेला! त्या फुटल्या की धडधाकट कुत्र्याचाही आकडा चढतो. म्हणजे आम्ही कॅन्सर नाही, सुई टोचणाऱ्याचा धसमुसळेपणा मोजतोय.
साहेबांना सांगितलं. ‘थोडंफार चालतं हो, बाई.’
चालतं म्हणे!

११ मार्च
दादाचा कुत्रा ढब्बू लंगडतोय. पन्नास किलोचं धूड, पुढचा उजवा पाय टेकत नाही. एक्स-रेत मनगटाच्या वरचं हाड कुरतडल्यासारखं दिसतंय. सर्जनबाई म्हणाल्या, बहुतेक कॅन्सर, क्वचित जंतुसंसर्गही असतो. तुकडा काढून बघू, नाहीतर सरळ पाय काढू. वहिनी तिथेच रडायला लागली. दादा म्हणाला, ‘आधी हिच्या लॅबची ती नवी चाचणी करू.’
सर्जनबाईंच्या मदतनीसानं रक्त काढलं. दोघांनी धरूनही ढब्बू आवरेना.

१२ मार्च
ढब्बूचा नमुना — गुलाबी! सरबत परवडलं. आकडा अर्थातच आभाळाला. साहेब खूश. ‘बघा बाई, तुमच्या घरातच पुरावा मिळाला.’ माणसाला थोडी तरी लाज असावी.

१३ मार्च
दादाला फोन केला. आकडा कचरा आहे, त्यावर पाय काढू नकोस म्हटलं.
‘म्हणजे कॅन्सर नाही ना?’
‘मला तरी नाही वाटत. जंतुसंसर्गाची औषधं दे आणि थांब.’
‘तुकडा काढून बघायचं म्हणत होत्या त्या —’
‘कशाला उगाच छळ त्याचा?’
दादा म्हणाला, ‘घरात तू आहेस म्हणून बरं आहे गं.’ सर्जनबाईंनी ‘तुमच्या जबाबदारीवर’ असं लिहून घेतलं. घेऊ देत.

२ एप्रिल
ढब्बू पाय टेकायला लागला! दादानं फोटो पाठवला. दुखणं थांबवायची गोळीही चालू आहे, पण म्हणून काय झालं? फोटो साहेबांना मुद्दाम दाखवला. ‘वा,’ म्हणाले आणि चष्मा पुसत बसले. दिवसभर मी हवेत.

२० मे
ढब्बूला खोकला. छातीच्या एक्स-रेत गाठीच गाठी. हाडातला कॅन्सरच तिथे पसरलेला.
साहेबांना कळलं. एक अक्षर बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

२१ मे
आकडा कचरा होता, हे आजही खरं. पण कचऱ्यातून काहीच कळत नाही — कॅन्सर नाही, हेही नाही. लॅबमध्ये नवीन येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्याच दिवशी सांगते! नमुना बिघडला तर दुसरा घ्यायचा. रक्त पुन्हा काढायला दहा मिनिटं लागली असती. हाडाचा तुकडा काढा म्हणायला तर तेवढीही नाही. मी दोन्ही केलं नाही. मला ढब्बू बरा व्हायला हवा होताच, पण त्याहून जास्त साहेब चुकायला हवे होते.
दादाला हे सांगायला हवं.

९ जून
ढब्बू गेला. दादा म्हणाला, ‘तुझं ऐकलं ते बरं झालं. शेवटपर्यंत चार पायांवर होता.’
मी म्हटलं, हो.