खुर्ची माझ्याकडे आहे

बुधवार, ९ ऑक्टोबर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत, तुम्हीही असाल. इथवरचं तोंडदेखलं झालं, आता मुद्द्याचं.

तुझ्या त्या प्रसिद्ध पहिल्या खुर्चीचं कापड सोमवारी निघालं. आत काठाची शिवण उलटी आहे. तुझ्या कारखान्यातल्या मिस्त्रींनी ती पाहिली आणि तुझ्या लेकीने मला फोन करून तसं सांगितलं. काल संध्याकाळपासून मी स्वतःच ती बघते आहे, कारण खुर्ची माझ्या बाहेरच्या खोलीत आहे. तुझे भाऊजी तिच्याभोवती दोन घिरट्या घालून गेले. "बसू का?" म्हणाले. मी म्हटलं, नाही.

हे सगळं फोनवर बोलता आलं असतं. पण फोन केला की तू मीटिंगमध्ये असतोस. पत्राला काय, ते तुझी मीटिंग संपेपर्यंत टेबलावर पडून राहील आणि तुला मधेच तोडता येणार नाही.

आधी मुलाखतीचं. टीव्हीवरच्या त्या 'माझी पहिली नोकरी' कार्यक्रमात तू छान दिसलास. कोट चांगला होता, पोट आत घेतलं होतंस. मामांचा कारखाना, गोणपाटाचा वास, वाकड्या सुईने बोटं कशी फुटायची, सगळं अगदी डोळ्यांसमोर उभं केलंस. मग ती खुर्ची. सोळा वर्षांचा मुलगा एकट्याने खुर्ची मढवतो, मामा तिच्यावर बसतात, आणि त्याचं आयुष्य बदलतं. निवेदिकेच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं, पण कारण वेगळं होतं. त्यात माझ्याबद्दलही एक वाक्य होतं. ते मी सोडून देते.

दुसऱ्या दिवशी माझ्या ड्रायव्हिंग स्कूलच्या एका शिकाऊ बाईंनी भर सिग्नलला गाडी बंद पाडली आणि मागचे सगळे हॉर्न वाजवत असताना माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मॅडम, काल तुमच्या भावाला बघितलं! किती कष्टातून वर आलेत हो!" मी म्हटलं, "आधी क्लच दाबा."

मुलाखतीनंतरही मी गप्प होते. लोक टीव्हीवर काहीही बोलतात. मामींच्या घरून ती खुर्ची मागून आणलीस, नव्या दालनात काचेमागे ठेवणार आहेस, खाली तुझ्या नावाची पाटी लागणार आहे, हे कळलं तेव्हाही मी गप्पच होते. मनात म्हटलं, असू दे. खुर्चीला कुठे तोंड आहे?

पण सोमवारी एक स्प्रिंग कुरकुरते म्हणून मिस्त्रींनी तिचं कापड काढलं. त्यांना वाटलं, साहेबांनी पोरवयात गोंधळ केलाय. सगळे टाके भलत्या दिशेला कललेले. बिचाऱ्यांनी हसत हसत तुला दाखवलं. आणि तू काय म्हणालास? तुझी लेक तिथेच उभी होती, म्हणून मला शब्द न् शब्द माहीत आहे.

"उसवा आणि सरळ करून घ्या. शनिवारच्या आत."

मिस्त्रींना ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं. तू उजव्या हाताने जेवतोस, उजव्या हाताने लिहितोस, लहानपणी उजव्या हातानेच माझ्या झिंज्या ओढायचास. ते टाके कोणाचे आहेत हे त्या कारखान्यात फक्त तुला माहीत होतं, आणि तूच ते उसवायला सांगितलेस.

तुझ्या लेकीनं मात्र डोकं चालवलं. "मी घरी नेऊन उसवते, काका, तेवढाच माझा सराव," असं मिस्त्रींना सांगून तिने ती खुर्ची टेम्पोत घातली आणि थेट माझ्याकडे आणली. दारातच म्हणाली, "आत्या, हे टाके बघ. मी शिवते ना, अगदी तसे आहेत. असं कोण शिवतं गं दुसरं?"

मी तिला सांगितलं. तू कधी सांगितलं नसशील, म्हणून मी सांगितलं. तुझ्यासाठीही पुन्हा लिहिते, मुलाखती देऊन देऊन तुझी खरी आठवण पुसली गेली असेल तर.

आईने आपल्या दोघांना एकाच दिवशी मामांकडे कामाला घातलं. ती तुझी पहिली नोकरी आणि माझीही. गोणपाट ताणायला, भरण पिंजायला, खिळे वेचायला आपण दोघं सारखेच होतो. सुई हातात आली तेव्हा गडबड झाली. लांब सोफ्याच्या काठाला दोन माणसं दोन टोकांनी बसायची आणि शिवत शिवत मधे भेटायची, ही मामांची पद्धत. मी डाव्या हाताने शिवायची. मधे येऊन भेटले की माझे टाके आणि समोरच्याचे टाके एकमेकांकडे पाठ करून उभे. वरून कापड येणार, गिऱ्हाइकाला काही दिसणार नाही. पण मामांना दिसायचं. सहा महिने त्यांनी सहन केलं, मग म्हणाले, "पोरी, तुझा हात चांगला आहे, पण उलटा आहे. इथं माझी जोडी जमत नाही. तू घरी आईला मदत कर." माझी पहिली नोकरी अशी संपली.

तू राहिलास. आणि तुझी परीक्षा आली. एक खुर्ची, सांगाड्यापासून कापडापर्यंत, एकट्याने. मामा आत उघडून बघायचे नाहीत. म्हणायचे, बसलं की कळतं. बसायचे, पुढच्या काठावर बोट फिरवायचे. पसंत पडली तर एकच शब्द: "चहा." म्हणजे आजपासून तुला कारागिरांबरोबर बसून चहा. तोवर शिकाऊ माणसाने फक्त कप विसळायचे. सहा महिने मी ते कप विसळले आहेत.

त्या दुपारी मी तुझा डबा घेऊन आले. मामा माल पोचवायला बाहेर गेले होते. तू खुर्चीशेजारी जमिनीवर बसून रडत होतास. तुझा काठ बघितला. गांडूळ सरपटत गेल्यासारखा. तू म्हणालास, "ताई, मला पण घरी पाठवतील गं." मी डबा खाली ठेवला, तुझी शिवण उसवली आणि पहिल्यापासून शिवली. तू दारात उभा राहून कोणी येतंय का ते बघत होतास. तेवढं काम मात्र तू चोख केलंस.

दुसऱ्या दिवशी मामा बसले. काठावर बोट फिरवलं, परत फिरवलं. "असा काठ या कारखान्यात बऱ्याच दिवसांनी झाला," म्हणाले. "चहा."

मी तेव्हा दारातच होते, पुन्हा तुझा डबा घेऊन. तू माझ्याकडे बघितलंस. घरी येताना म्हणालास, "मी सांगणार आहे मामांना. जरा माझा जम बसू दे." चांगलाच बसला तुझा जम. मामा गेले, आई गेली, तुझे तीन कारखाने झाले.

(फोन वाजतोय. तुझाच दिसतोय. घेते.)

घेतला. आत्ता जे बोलणं झालं तेही इथे लिहून ठेवते, म्हणजे उद्या त्याचीही वेगळी मुलाखत व्हायला नको.

"ताई, खुर्ची तुझ्याकडे आहे?"

"बसलेय तिच्यावर."

"अगं, शनिवारी उद्घाटन आहे!"

"माहीत आहे. आमंत्रण आलंय. छापील. वर 'सहकुटुंब' लिहिलंय, शेजारच्यांना असतं तसं."

"ते ऑफिसातल्या मुलींनी पाठवलं. हे बघ, मी गाडी पाठवतो, खुर्ची देऊन टाक. एका शिवणीसाठी एवढं काय? आत असते ती. कोणाला दिसते?"

"मग उसवायला कशाला सांगितलीस?"

मला वाटलं, आता बोलशील. साधं, दोन शब्दांचं काहीतरी. पण तू म्हणालास:

"तू पण ना ताई. इतक्या वर्षांनी. तुला कुठे त्या कामाची आवड होती?"

मी फोन ठेवला.

मघाशी जे वाक्य सोडून दिलं म्हटलं, ते हेच. टीव्हीवरही तू हेच बोललास. "माझी बहीणही होती काही महिने, पण तिला त्यात गोडी नव्हती. ती गाड्यांकडे वळली." खुर्ची तू नेलीस ते मी सहन केलं. ती मी तुला दिलेली होती. पण हे मी दिलं नव्हतं. हे तू माझ्या खिशातून काढून घेतलंस.

मला ते काम आवडत होतं.

हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. आईला नाही, तुझ्या भाऊजींना नाही. सांगून उपयोग नव्हता. नवी सुई हातात घेतली की माझं डोकं शांत व्हायचं. भरण काठाशी नीट बसलं की ते हाताला कळायचं, डोळे मिटूनही कळायचं. मामांनी घरी पाठवलं तेव्हा मी आईला म्हटलं, कंटाळा आला होता तसाही. तू तेच ऐकलंस आणि तेच धरून बसलास, कारण तुला ते सोयीचं होतं. अरे, अठरा वर्षांची मुलगी आईसमोर दुसरं काय म्हणणार होती?

त्यानंतर औषधांच्या दुकानात खोकी भरली. एका वकिलाकडे फोन घेतले. तो मला 'अहो हॅलो' म्हणूनच हाक मारायचा. मग ड्रायव्हिंग स्कूलच्या काउंटरवर बसले. एकदा शिकवणारे आजारी पडले आणि मालक म्हणाले, तुम्हाला येते ना गाडी, बसा जाऊन शेजारी. इथे गिअर डाव्या हाताला असतो, धाकट्या. जगात पहिल्यांदा कोणीतरी माझ्या डाव्या हाताला काम दिलं. आज ती शाळा माझी आहे. माझं वाईट झालं असं मी म्हणत नाही. रस्त्यावर निम्म्या गाड्या मी शिकवलेली माणसं चालवतात, आणि उरलेल्यांना कोणी शिकवलं असेल ते बघूनच कळतं. पण मी गाड्यांकडे वळले नाही. मला वळवलं.

आता शेवटचं, आणि यासाठीच खरं हे पत्र.

तुझी लेक शिक्षण संपवून तुझ्याच कारखान्यात आली. तिची पहिली नोकरी. ती तुझ्याकडे एकच गोष्ट मागते आहे: बाकावर बसून सुई धरायची. आणि तू तिला काय म्हणालास? "तू डावरी आहेस, तुझ्यामुळे जोडी बिघडेल. वर ऑफिसात बस, रंग निवड." मामांचंच वाक्य, शब्दही जवळजवळ तेच. मामांचं मी समजू शकते. त्यांनी उलट्या हाताचं काम कधी नावाजलं नव्हतं, निदान तसं त्यांना वाटत होतं. पण तुझा सगळा डोलारा त्या उलट्या काठावर उभा आहे, हे तुला माहीत आहे. माहीत असून तू पोरीला वर पाठवतोस?

काल ती इथे जमिनीवर बसून त्या टाक्यांवरून बोट फिरवत होती. म्हणाली, "आत्या, बाबा मला म्हणाले, डाव्या हाताचा काठ कधी बसतच नाही." मी तिला खुर्चीवर बसवलं. बसल्यावर तीच म्हणाली, "बसलाय की."

तर आता असं होईल.

खुर्ची मी उसवू देणार नाही. गाडी पाठवू नकोस, रिकामी परत जाईल. शनिवारी सकाळी मी स्वतः ती घेऊन येते. कापड न घालता, काठ उघडा ठेवून. काचेमागे ती तशीच बसेल. खालच्या पाटीवर काय लिहायचं ते तू ठरव, तुझं दालन आहे. पण पाहुण्यांसमोर ती कोणी मढवली हे तू आपल्या तोंडाने सांगशील. सांगणार नसशील तर मी आहेच; मी रोज सिग्नलवर ओरडते, मला माइक लागत नाही. आणि सोमवारपासून तुझी लेक बाकावर बसेल. जोडी जमत नसेल तर तिला एकटीला आख्खी खुर्ची दे. खुर्चीला दोन टोकांनी शिवणारे लागत नाहीत, हे तुला मामांच्या परीक्षेपासून ठाऊक असायला हवं. ती परीक्षा तू दिली असतीस तर.

हे वाचून तू चिडशील. चीड. मग जरा वेळ बस. शिकवताना माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो हे तुला माहीत आहे. आजवर तो मी तुझ्यासाठी दाबून धरला होता. शनिवारी पाय काढणार आहे.

सकाळी अकराच्या सुमारास तुझ्या दालनासमोर एक शिकाऊ पाटीची गाडी येईल, बहुधा दारातच बंद पडेल. चालवणारी तुझी लेक असेल. तिच्यावर ओरडू नकोस, खुर्ची उतरवायला खाली ये.

आणि चहा तयार ठेव. तो ऑफिसातल्या मुलींनी आणायचा नाही. कप तू माझ्या हातात द्यायचास. डाव्या हातात.

तुझी
ताई