दोघांचा तंबू

निपाणी
१२ नोव्हेंबर १९८१

शामू,

पत्र पोचलं. आई बरी हाय, मीबी बरा हाय, बँकेतलं काम चाललंय. अक्षर डाव्या हाताचं हाय, समजून घे. चार वर्षांनी आठवण झाली म्हणायची! आणि ती कशाची, तर तंबूची. सायकलवर गोव्याला जायचंय, पुण्यात परदेशी नायलॉनचे दोन तंबू मिळतायत, कुठला घेऊ, आणि तू येतोस का? व्हय रं, मी येतो का!

बरं, विचारलंस तर सांगतो. दोरांवर ताणायचा तो हलका असला तरी नको. स्वतःच्या दांड्यांवर उभा राहतो तो घे. थोडा जड झाला तर होऊ दे, कॅरियरवर बसतोय न्हवं? खडकाळ माळावर खुंटी जात न्हाय. हा उभाच्या उभा उचलून सावलीत ठेवता येतो. दोघांचा घे, सामानबी आत मावतंय.

दोर का नको, हे तुला सांगायला पाहिजे व्हय? दोर कापता येतात.

आणि खाकी रंग नको. बेळगावच्या कॅम्पातनं लष्करातला जुना तंबू तूच हौसेनं आणलतास. चिकोडी रस्त्याला तंबाखूच्या रानात आपण तो ठोकला, आणि कर चुकवून माल नेणाऱ्यांना वाटलं, एक्साइजवाले दबा धरून बसलेत. तांबडं फुटत होतं. त्यांनी दोर कापले, तंबू अंगावर पडला आणि वरनं काठ्या बसायला लागल्या. धान्य बडवावं तसं बडवलं भाड्यांनी! माझा उजवा हात मोडला, त्याचा आवाज मी ऐकला. तोंडात कापड आणि रगात. डाव्या हातात सायकलचा पंप घावला, तो फिरवत सुटलो. कुणाचं तरी नाक फुटलं. कापड फाटलं तसं एकजण वरडला, "अरं, ह्यो सायब न्हाय!" तरी थांबले न्हाईत. मी त्यांची तोंडं बघितली होती ना.

तोवर तू गेलतास. दार माझ्या बाजूला होतं. माझ्या छातीवर पाय देऊन गेलास. "शामू, हात धर" म्हणून मी वरडलो, ते तू ऐकलंस.

पळालास त्याचा राग न्हाय रं. मीबी पळालो असतो. पण गाव हाकेवर होतं, चार माणसं आणली असतीस तर? ऊन चढल्यावर तंबाखू कापायला आलेल्या नागुबाईनं मला बाहेर ओढलं. लहानपणापासून एका ताटात जेवलो आपण, आणि तू दवाखान्यातबी फिरकला न्हाईस. लई जिव्हारी लागलं, शामू.

वर दोघांचा घे म्हणून लिहिलंय, ते खोड. एकट्याचा घे.

आईनं तुला आशीर्वाद सांगितलाय. तिला मी अजून हेच सांगतोय, शामू माणसं आणायला गेलता.

त्या दिवशी तुझी वाट बघितलेला,
कृष्णात